दत्तोपंतांचा शंभर टक्के पुरावा

आमचे भावोजी दत्तोपंत शाळेत भूगोल शिकवायचे. कोल्हापूर सोडून त्यांनी मुक्काम केलेलं एकमेव गाव म्हणजे जयसिंगपूर. पण बहात्तर साली निवृत्त झाले आणि एका डॉक्टरच्या रद्दीतून विलायती मासिकांचा गठ्ठा उचलून आणला. शब्दकोश मांडीवर घेऊन दमा, संधिवात, मधुमेह, सगळ्यांवरचे उपचार तपासायला बसले. कुणी म्हणालं, अमक्या गोळीनं बरं वाटतं, की चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "पुरावा काय?" उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

हे सगळं निमूट ऐकणारं माणूस एकच, त्यांची बायको, माझी थोरली बहीण. पद्मजाताईला मधुमेह होता. रोज सकाळी काचेची सिरिंज उकळून ती स्वतःच्या हातानं इन्शुलिन टोचून घ्यायची आणि दिवसभर घरात तुरुतुरु फिरायची. भावोजींना तेच खुपायचं. "जन्मभर टोचत राहायचं, याला काय उपचार म्हणतात?"

त्यात कुणीतरी नेसरीच्या यल्लाप्पाचं नाव सांगितलं. हा यल्लाप्पा मधुमेहावर कसल्याशा मुळीची पूड द्यायचा. त्याची अट एकच. पूड घेण्याआधी जोतिबाला नवस बोलायचा आणि गुण आला की डोंगरावर जाऊन गुलाल-खोबरं उधळायचं.

"मी ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, मी तपासणार," भावोजी म्हणाले. तपासलं कसं? दर रविवारी एसटीनं जोतिबाला जायचं, देवळाच्या पायऱ्यांवर छत्री उघडून बसायचं आणि यल्लाप्पाच्या औषधाचा नवस फेडायला आलेला माणूस दिसला की त्याला धरायचं.

"काय पावणं, गुण आला का?"

"आला की! न्हायतर उगंच डोंगार चढून आलोय व्हय?"

हे ऐकून भावोजी खुशीत 'होय' अशी नोंद करायचे. असे कितीतरी रविवार. सगळेच 'होय', एकही 'नाही' नाही. बैलालासुद्धा शंका आली असती, पण यांना आली नाही.

ताईला आली. "अहो, ज्यांना गुण आला नाही ते नवस फेडायला कशाला येतील?"

"हे शास्त्र आहे, तू यात पडू नकोस," म्हणाले, आणि सिरिंजची डबी माळ्यावर टाकली. डॉक्टर काय म्हणतात ते तरी विचारा, असं मी बजावलं, तर मलाच म्हणाले, "डॉक्टरांकडे पुरावा काय?" त्या क्षणी त्यांचा चष्मा ओढून पायाखाली चिरडावासा वाटला. आणि ताईचाही राग आला. एवढं कळत असून ती नवस बोलली आणि पूड गिळायला लागली. नवऱ्याचा शब्द मोडायची तिला सवयच नव्हती.

थोड्याच दिवसांत तिला नवी चप्पल चावली. अंगठ्याची जखम चिघळली, काळी पडली. दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता, गुडघ्याखाली पाय कापावा लागला. भावोजी सर्जनला विचारत होते, "हे मधुमेहामुळेच झालं, याला पुरावा काय?" सर्जननं इन्शुलिन पुन्हा सुरू करायला सांगितलं.

माणूस सुधारेल असं वाटलं होतं मला. कसलं काय! चार-सहा महिन्यांत गल्लीतल्या वाचनालयात भावोजींचं व्याख्यान झालं. शाल, नारळ, टाळ्या. "यल्लाप्पाच्या मुळीचा गुण शंभर टक्के. मी स्वतः तपासलं आहे. एकही अपवाद नाही!"

मी उभा राहिलो. "आणि ताई?"

भावोजी अजिबात गडबडले नाहीत. "ती जोतिबाला आली होती का? मी फक्त तिथं आलेलीच माणसं धरली आहेत. पद्धत म्हणजे पद्धत."

लोकांना ते पटलं. मी तिथून उठून तडक ताईकडे गेलो. ती कॉटवर बसून तांदूळ निवडत होती.

"माझं काही सांगितलं का रे त्यांनी?"

"नाही."

ताईनं ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "बरोबर आहे. डोंगर चढायला पाय हवा होता."