दादानं हॉलचे दिवे लावले तेव्हा

वहिनीचा फोन आला तेव्हा शेजारच्या घरात टीव्हीवर विनोदाचा कार्यक्रम चालू होता. "बाई, हे गेले," एवढंच ती म्हणाली, आणि त्याच वेळी भिंतीपलीकडून हशा उसळला. तो हशा खरा नसतो, आधीच भरून ठेवलेला असतो, हे मला दादानंच कधीतरी सांगितलं होतं. अकोल्याहून अमरावतीला जाताना बसमध्ये मी रडले नाही. माझ्या भावाच्या बातमीवर कोणीतरी हसलं, याचाच राग डोक्यात घुमत होता... त्यात शेजाऱ्यांचा काही दोष नव्हता, हे कळत होतं, तरी.

मिलिंददादा माझ्यापेक्षा मोठा. कॉलेजात असताना तो नाटकात काम करायचा, आणि काय करायचा! स्नेहसंमेलनात त्याची एन्ट्री झाली की मागच्या बाकांवरची पोरं बाकं वाजवायची. घरी आई भाकरी थापत असायची आणि हा चुलीपाशी उभा राहून तिला अख्खा प्रवेश करून दाखवायचा, सगळ्यांची कामं एकटाच. मग बार्शीटाकळीकडे एका ठेकेदाराच्या कामावर त्याला पहिली नोकरी लागली. साइटवरच राहायचं, साइटवरच जेवायचं. वर्ष व्हायच्या आत तो नोकरी सोडून घरी आला. काहून आला, ते सांगेना. बाबांनी ओरडून पाहिलं, आईनं गोडीनं विचारलं. बोलायचा, जेवायचा, पण कोणी मागून खांद्यावर हात ठेवला की दचकून उठायचा. पुढे अमरावतीला सरकारी नोकरी लागली, तिथल्या हौशी नाट्यमंडळातही तो गेला. रंगमंचावर मात्र पुन्हा कधी उभा राहिला नाही. तो लाइट करू लागला. आम्हाला वाटलं, आवड बदलली असेल.

लाइटवाला अंधारात बसतो आणि त्याला सगळे दिसतात, तो कोणाला दिसत नाही. दादाला ती जागा मानवली. तापलेले दिवे फिरवायला तो सुती हातमोजे वापरायचा, त्यांची बोटं करपलेली असायची. वहिनी नवे आणायची, हा जुनेच घालायचा.

मग अकोल्यातला तो प्रयोग. रविवारची दुपार, हॉल भरलेला, मी मैत्रिणींना घेऊन तिसऱ्या रांगेत. नाटक विनोदी. त्यात एका गरीब कारकुनाला चुकून लॉकअपमध्ये टाकतात. आत एक आडदांड गुंड. गुंड त्याच्याकडे बघून मिशीवर हात फिरवतो, अंधार होतो, एक किंकाळी येते, आणि पुढच्या प्रवेशात कारकून लंगडत बाहेर येतो. बस्स, एवढाच विनोद. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. पेटीवाल्यानं वर एक पों असा सूर काढला. आणि एकदम रंगमंच काळा झाला अन् हॉलचे सगळे दिवे लागले. लोक तसेच, तोंडं उघडी, डोळ्यांत पाणी, एकमेकांकडे बघत राहिले. हशा हळूहळू विरला. त्यानंतरही दिवे बराच वेळ तसेच होते. मग हॉल पुन्हा अंधारला आणि नाटक पुढे सुरू झालं.

मंडळी गाडीनं परत गेली, दादा माझ्याकडे थांबला. गच्चीवर चहा घेऊन गेले तेव्हा मी म्हटलं, आज तुझ्याकडून खटका चुकला वाटते.

"चुकला नाई," तो म्हणाला. "मले पाहायचं होतं कोन कोन हासते ते."

मग त्यानं सांगितलं. मोजक्या शब्दांत, कठड्याकडे बघत. साइटवरच्या त्या ठेकेदारानं त्याच्यावर जबरदस्ती केली होती. एकदा नाही. खोलीतल्या जिवलग मित्राला त्यानं ते सांगितलं, तर मित्र आधी हसला आणि मग म्हणाला, जवान गडी असून तुले त्याले आवरता नाई आलं का? त्या दिवशी दादाचं तोंड बंद झालं, ते इतक्या वर्षांनी माझ्या गच्चीवर उघडलं. वहिनीला मात्र त्यानं लग्नाआधीच सांगितलं होतं. ती हसली नाही, म्हणून तर तिच्याशी लग्न केलं, असं तो म्हणाला.

तेव्हापासून मला हे सगळीकडे दिसायला लागलं, आणि दिसलं की अंगाचा तिळपापड होतो. बाईवर अत्याचार झाला की पडद्यावर आभाळ भरून येतं, सारंगी रडते. तिथेही बाईचं खरं दुःख बाजूलाच राहतं, पण निदान कोणी हसत तरी नाही. पुरुषावर झाला की ढोलकी वाजते. साहेबीणबाई शिपायाला केबिनमध्ये कोंडते तेव्हा लोक शिट्ट्या मारतात, लेका नशीब काढलंस म्हणतात. अत्याचार करणारा पुरुष असेल तर त्याला लाडिक बोलायला लावतात, म्हणजे पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषांचीही फुकट बदनामी. लिहिणाऱ्यांना लाज नाही, दाखवणाऱ्यांना नाही, आणि सहकुटुंब बघणाऱ्यांना तर नाहीच नाही. गंभीर कादंबऱ्या घ्याव्यात, तर तिथे दुसरीच तऱ्हा. दादा म्हणायचा, "पुस्तकातला असा मानूस एक तं जीव देते, नाई तं खून करते. मी तं दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कामावर गेलो. माह्यासारखा कोनी लिहिला का?" मी मराठीची शिक्षिका, आयुष्यभर धडे शिकवले. मला एक नाव सांगता आलं नाही.

मी त्याला म्हणायची, तू बोल ना आता. तो मान हलवायचा. "जितेपनी कोनी हासलं तं मले सहन नाई होनार, सुजा. मी गेल्यावर सांगजो."

गेला. पुण्यानुमोदनाला मंडळातले सगळे आले होते. वंदना झाली, लोक बोलले. दिग्दर्शक वानखडे सर प्रेमानंच बोलले. म्हणाले, भाऊंच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली, अकोल्याला भर प्रयोगात हॉलचे दिवे लागले. लोक हलकंसं हसले. आणि सरांनी जाहीर केलं, भाऊंना श्रद्धांजली म्हणून तेच नाटक, त्याच हॉलमध्ये करायचं. मी वहिनीकडे पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "सांगा बाई आता. त्यायनंच सांगतलं होतं ना."

जेवणं झाल्यावर मी सरांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. त्यांचे डोळे भरले. आणि मग, माझ्यादेखत, त्यांच्यातला दिग्दर्शक जागा झाला. "पण ताई, नाटकात सगळ्यात जास्त हशा त्याच प्रवेशाले हाये..."

आठवड्यानं त्यांचा फोन आला. प्रवेश काढता येत नाही, पुढची गोष्ट त्यावर उभी आहे, पण आम्ही तो सौम्य करतो. सौम्य! म्हणजे लंगडणं थोडं कमी? किंकाळी हळू? माझ्या भावाची चाळीशी, पन्नाशी, साठी त्या किंकाळीखाली गेली, आणि हे तिचा आवाज कमी-जास्त करून राहिले.

त्या मंडळाची एक रीत आहे. कोणी गेलं की त्याच्या आठवणीच्या प्रयोगात त्याची जागा घरच्या माणसानं घ्यायची, निदान सुरुवातीपुरती. वहिनीला ते झेपणार नाही, म्हणून सरांनी मलाच विचारलं, पहिला दिवा तुम्ही लावाल का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग तुम्ही आमचा लाइटचा नवा पोरगा येईपर्यंत बसा. मी म्हटलं, मी शेवटपर्यंत बसते.

वहिनीनं दादाचे हातमोजे माझ्याकडे दिलेत. मला मोठे होतात, पण चालतील. गच्चीवरच्या त्या संध्याकाळनंतर अकोल्यात त्यांचा प्रयोग असला की मी दादाशेजारीच बसायची, अंधारात. कोणता खटका कशाचा, ते त्यानं मला नीट दाखवून ठेवलंय. हॉलचे दिवे डावीकडच्या शेवटच्या खटक्यावर लागतात.