उजवीकडची दांडी

रिक्षा सुरू करण्याआधी आमचे रिक्षावाले काका उजव्या बाजूच्या दांडीवर तळहाताने दोनदा थाप मारायचे आणि मागे न बघता म्हणायचे, "डावीकडून उतरायचं बरं का." आम्ही हसायचो.

अंबरनाथ एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट केलेल्यांना वेगळं सांगायला नको. शेअर रिक्षा रस्त्याच्या डाव्या कडेला थांबायची आणि आमच्या कंपनीचं गेट होतं उजवीकडे. भोंगा वाजला की रिक्षा थांबायच्या आत आम्ही उजवीकडून थेट हायवेवर उड्या टाकायचो. मागून केमिकलचे टँकर यायचे. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. काकांना वाटलं. त्यांनी मोरिवलीतल्या वेल्डरकडून लोखंडी पाइप नट-बोल्टने बसवून ती बाजू बंदच करून टाकली. तेव्हा आमच्या स्टँडवर अशी दुसरी रिक्षा नव्हती.

"काका, आम्ही काय कोंबड्या आहोत?" पहिला टोमणा माझाच. मग माणसं ती रिक्षा टाळायला लागली. ती भरेना, मागची लाइन अडकू लागली. शेवटी स्टँडवाल्यांनी बजावलं, "उद्या दांडी दिसली तर लाइनीत यायचं नाय." काकांचं घर त्याच रिक्षावर चालत होतं. दुसऱ्या दिवशी ते हँडलजवळ पाना ठेवूनच आले. "ही फेरी मारतो, मग काढतो," एवढंच बोलले.

मी उजव्या टोकाला बसलो होतो. गेट आलं आणि भोंगा वाजला. सवयीने मी उसळलो. पोटात दांडी बसली, हातातला डबा बाहेर उडाला आणि त्याच क्षणी टँकर घासून गेला. रस्त्यावर माझा डबा भाकरीसारखा चपटा पडला होता.

काका मागे वळले. पाना माझ्यापुढे धरून म्हणाले, "आता तूच काढ."

मला तो हातात घेववेना. शिफ्ट बुडवून मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेलो आणि डबा सगळ्यांसमोर ठेवला. काका दांडीसकट लाइनीत राहिले.

पण बाकीच्यांनी दांड्या लावल्या त्या डब्यामुळे नव्हे. दांडीला डोकं टेकलं की डुलकी छान लागते, हे नाइट शिफ्टवाल्यांना कळलं आणि ते दांडीवालीच रिक्षा मागू लागले. काका चिडायचे. "मेल्यांनो, झोपायला लावली काय मी ती?"

पुढे दम्याने त्यांची रिक्षा सुटली. ते गावी गेले आणि तिकडेच वारले. मला फार उशिरा कळलं, फार वाईट वाटलं.

त्यानंतर एकदा खरवईहून बदलापूर स्टेशनला येत होतो. अनोळखी रिक्षावाल्याने निघताना दांडीवर दोनदा थाप मारली.

"असं का करता?" मी विचारलं.

"काय माहीत. सगळेच मारतात."

स्टेशनला मी डावीकडून उतरलो, वळसा घालून पलीकडे गेलो आणि दांडीवर हात ठेवला.

"काय राहिलं का आत?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. पण हात लगेच उचलवेना.