बाजाराच्या दिवसाची गोळी

माझी आत्या लघवी दाबून दाबून गेली.

मृत्यूच्या दाखल्यावर हृदय आणि किडनी असं लिहिलं आहे. तेही खोटं नाही. पण आज तिचं वर्षश्राद्ध आहे, बाहेरच्या खोलीत पाहुणे तिच्या चांगुलपणाबद्दल बोलत आहेत, आणि मला हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. कुणाला इथे हा शब्द वाचायला कसंतरी वाटलं तर माफ करा.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहिली. मंठ्याच्या आसपासच्या गावांत आठवड्यातून तीन बाजार करायची. ताडपत्री टाकायची, बांगड्या मांडायची, येणाऱ्या बायांच्या हातात भरायची.

घरात पहिल्यांदा कुणी कॉलेजला गेलं ते मी. आणि त्यासाठी बाबांशी भांडली ती आत्या.

दोन वर्षांपूर्वी तिचे पाय सुजायला लागले. चप्पल जाईना. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून भिंतीला टेकून झोपायची.

जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा पंप कमजोर झालाय, अंगात पाणी साठतंय. रोज सकाळी लघवीची गोळी, मीठ कमी, पाणी मोजून, आणि रोज वजन.

मी बी.एस्सी. आहे कळल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. पाणी काढलं नाही तर ते फुफ्फुसात चढतं. जास्त जोरात काढलं तर किडनी सुकते. या दोन्हींच्या मधून वाट काढायची, आणि त्यासाठी घरून खरी माहिती यायला पाहिजे.

मी लगेच वही केली. तारीख, वजन, गोळी.

सकाळी वजन करून मी सातच्या एसटीने कामाला जायचे. गोळी ती न्याहारीनंतर घ्यायची. संध्याकाळी आल्या आल्या मी विचारायचे.

"आली मास्तरीण हजेरी घ्यायला," ती म्हणायची. "घेतली माय, घेतली. लिही."

मी लिहायचे.

पण वजनाचं काही जुळेना. कधी दोन दिवसांत दोन किलो वाढायचं, कधी एकदम उतरायचं. डॉक्टरांनी डोस वाढवला. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीला त्रास. डोस कमी केला. परत पाय सुजले.

मला वाटलं, ही लपून लोणचं खाते. मी फळीवरच्या बरण्या तपासल्या. एकदा तर तिच्यासमोरून ठेच्याची वाटी उचलून नेली. ती कोरडी भाकर खात राहिली.

आणि एका सकाळी तिला दोन शब्द बोलता येईनात.

जालना. ऑक्सिजन. शिरेतून इंजेक्शन. लघवीची नळी आणि कॉटला लटकवलेली पिशवी.

दुसऱ्या दिवशी जरा हुशारी आली. पिशवीकडे बघत म्हणाली, "लई कामाची हाय ही. बाजारात असती तं गोळी बुडली नसती."

मी विचारलं, कोणती गोळी बुडली?

आधी हसली. मग आजूबाजूला डॉक्टर नाहीत हे बघून घेतलं, आणि सगळं सांगितलं.

बाजाराच्या दिवशी ती गोळी घ्यायचीच नाही. गोळी घेतली की दर अर्ध्या तासाला जावं लागतं. जायचं कुठं? बायकांसाठी एक खोली बांधलेली आहे, तिला कुलूप. मागच्या बाजूला गाड्या उभ्या, तिथं माणसं. आणि गिऱ्हाइकाचा हात आपल्या हातात, सहा बांगड्या भरून झालेल्या, सहा राहिलेल्या. मधूनच उठणार कशी?

म्हणून गोळी नाही. आणि सकाळपासून पाण्याचा थेंबही नाही.

वर बुडालेली गोळी वाया जायला नको, म्हणून दुसऱ्या दिवशी दोन-तीन एकदम घ्यायची.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू बाजारच बंद केला असता माझा."

बरोबर होतं तिचं. मी केला असता.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन घेतली असती तरी चाललं असतं. वेळ बदलून दिली असती. फक्त कळायला पाहिजे होतं.

मी चिडून विचारलं, ती काय काम करते हे तुम्ही एकदाही का विचारलं नाही?

त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. पहिल्याच पानावर, व्यवसाय: गृहिणी.

अक्षर माझं होतं.

पहिल्यांदा नाव नोंदवायला आलो त्या दिवशी काउंटरवर माझ्या कॉलेजची एक मैत्रीण भेटली होती. तिच्यासमोर "बाजारात बांगड्या विकते" असं लिहायला माझा हात धजला नाही.

पुढचे सहा दिवस इंजेक्शन वाढवलं की लघवी कमी व्हायची, कमी केलं की धाप वाढायची. डायलिसिसचं बोलणं चालू असतानाच आत्या गेली.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच खूप थकलं होतं, कदाचित तरीही हेच झालं असतं. त्या "कदाचित"पाशी मी वर्षभर थांबले आहे.

गेल्या महिन्यात आत्याच्या त्या कुलूपवाल्या खोलीच्या बाजारात गेले होते. खोली उघडावी म्हणून माझे दोन अर्ज गेलेत, कुलूप तसंच आहे. आत्याच्या जागेवर आता दुसऱ्या एक काकू बसतात. उन्हात त्यांचे ओठ सुकलेले. मी माझी बाटली पुढे केली.

"नको माय," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर पिते."

तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल, तर घेतली का एवढंच विचारू नका. घेतल्यावर जायची सोय आहे का, तेही विचारा.

आत्या, तू मला शिकवायला भांडलीस, आणि शिकून मी पहिल्यांदा तुझंच काम लपवलं. आज सगळ्यांसमोर तुला शेवटचा नमस्कार.