गिरणीच्या ओढ्यातली जागा

वसंतात डॉगवूडचं झाड पांढरं फुललं की क्रॅपी मासा गाभोळी टाकायला उथळावर येतो आणि बुडालेल्या फांद्यांच्या आडोशाला दाटीनं राहतो. म्हणून त्या तळ्यावरची माणसं ऐन थंडीत सीडरचं झाड तोडतात, बुंध्याला दोरानं सिमेंटचा ठोकळा बांधतात आणि गुपचूप बुडवतात. जागा कुणाला सांगायची नाही. बायकोलासुद्धा खोटंच सांगायचं.

ओरन पिकेटनं चाळीस वर्षं ही रीत पाळली, त्याच्या धाकट्या भावानं, डेल्बर्टनंही. फेब्रुवारीत डेल्बर्ट झाड बुडवायला निघाला, बायकोला, व्हर्लीनला म्हणाला, "मिठाच्या ओढ्यात चाललोय." तिसऱ्या दिवशी त्याची रिकामी नाव धरणाच्या भिंतीला लागली.

शेरीफच्या माणसांनी तळ्याला मिळणारा मिठाचा ओढा पालथा घातला. मग व्हर्लीननं दिलेली कॉफी पीत त्यांनी ओरनला विचारलं, "गिरणीच्या ओढ्यात बघावं का?"

तिथं ओरनची जागा होती. आकडे टाकून त्यांनी तळ ढवळला असता.

"छ्या! तिकडं कशाला मरायला जाईल त्यो?"

पंधरा दिवसांनी शोध थांबला. व्हर्लीन मात्र दिराला बघितलं की म्हणायची, "भावजी, खड्डा खणून ठेवलाय. माणूस आणा."

एप्रिलात ओरन आपल्या जागेवर गेला. एक मासा लागेना. नाव जरा सरकवली, तर गेल्या साली जिथं नुसता चिखल होता तिथं गळ फांद्यांना घासला.

"माझ्याच उशाला येऊन बसलास व्हय रं धाकट्या, चोरा!" त्याला हसू आलं. मग तळहातापेक्षा रुंद मासे, एकामागून एक. बादली भरली तरी त्याचा हात थांबेना.

सोळाव्या खेपेला गळ अडकला. फांदी असती तर ताठ ओढ लागली असती. ही ओढ मऊ होती, जड होती. वर लाल लोकरीच्या हातमोज्याचा तुकडा आला. डेल्बर्टचे हे हातमोजे व्हर्लीननं विणले होते. ठोकळ्याचा दोर पायात अडकून झाडासंगं गेला होता गडी.

ओरननं बादली पाण्यात उपडी केली.

व्हर्लीन ओट्यावर बटाटे सोलत होती.

"घावला."

"कुठं?"

चाळीस वर्षं जागा लपवलेली जीभ उचलेना. "गिरणीच्या ओढ्यात. माझ्या जागंला लागून."

तिनं सुरी खाली ठेवली. "तुमास्नी इचारलं हुतं त्यांनी. माझ्यासमूर."

"व्हय."

"मग आता फोन लावा. माझ्यासमूरच सांगा."

ओरननं शेरीफच्या कचेरीत फोन लावला. गिरणीच्या पडक्या धुराड्यापासून किती हात, कोणत्या ओंडक्याच्या रेषेत, सगळं सांगितलं. पलीकडच्या पोराला नीट ऐकू येईना, म्हणून पुन्हा एकदा, मोठ्यानं.