भुंगा आणि मधला खटका

भुंगा पहिल्यांदा टेलरबाईंच्या दुकानात आला, तेव्हा आधी दार आत आलं. मग दारामागचं स्टूल, मग स्टुलावरची बटणांची बरणी, मग बरणीतली यच्चयावत बटणं, आणि या सगळ्या लवाजम्याच्या शेवटी स्वतः भुंगा. आत्याबाई आजही शपथेवर सांगतात की त्या क्षणी भिंतीवरचं घड्याळ थांबलं, समोरच्या लॉन्ड्रीतली इस्त्री थंड पडली आणि दारातलं कुत्रं उठून कायमचं दुसऱ्या गल्लीत राहायला गेलं. टेलरबाईंचं म्हणणं एवढंच, की त्यातलं एक बटण अजून सापडलेलं नाही.

"बाई, तुमच्याकडे बॉबिन भरायचं चाक आहे ना?" भुंग्याने जमिनीवरूनच विचारलं.

"टेलरच्या दुकानात नाही तर काय न्हाव्याच्या दुकानात असेल?" हे आत्याबाई बोलल्या. दुकानात शिवणकाम टेलरबाईंकडे आणि बोलण्याचं काम त्यांच्या या आत्याकडे, अशी वाटणीच होती. कारण टेलरबाईंच्या तोंडात दिवसभर टाचण्या असत. गिऱ्हाइकाशी त्यांचा सगळा व्यवहार "हं", "अं हं" आणि भुवया एवढ्यावर चाले. एवढ्या भांडवलावर त्यांनी गावातल्या मोठमोठ्या पोटांना विजारी शिवल्या होत्या.

भुंगा हा धंद्याने लिफ्ट दुरुस्त करणारा. उंची शिडीइतकी, तब्येतही शिडीइतकीच. दिवसभर लिफ्टच्या विहिरीत लोंबकळायचं आणि संध्याकाळी इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसायचं, हा त्याचा दिनक्रम. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवून सांगावं लागे. भुंगा हे नाव त्याला हॉटेलच्या बँडमास्तरांनी दिलं होतं, आणि त्याला कारण होतं.

कारण असं. त्या हॉटेलच्या नाचाच्या हॉलमध्ये शनिवारी बँड वाजे, आणि त्या बँडमध्ये गिटारवाल्याची खुर्ची रिकामी होती. ही खुर्ची मिळावी एवढीच भुंग्याची आयुष्याकडे मागणी होती. त्याने जाऊन वाजवलंही. बोटं चांगली चालली. पण मास्तरांनी संथ गाण्यासाठी हॉलचे दिवे मंद करायला लावले, आणि दिवे जसे मंद झाले तशी भुंग्याच्या गिटारीतून "घूंऽऽऽ" अशी गुणगुण सुरू झाली. गाणं थांबलं तरी गुणगुण थांबेना.

"अहो, हा भुंगा कुणाचा आहे?" मास्तरांनी विचारलं होतं. "घेऊन जा त्याला. आणि परत आणलात तर मुका करून आणा. या शनिवारी शेवटचं ऐकेन."

त्यातच घरी येताना गिटारीचा एक पिकअप मेला. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांखाली ज्या चपट्या डब्या असतात ना, ते पिकअप. आत चुंबक, भोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की चुंबकामुळे वेढ्यांत वीज खेळते आणि तिचा पुढे आवाज होतो. भुंग्याच्या गिटारीला असे दोन होते. गळ्याजवळचा पिकअप पोटभर जेवून आलेल्या मामासारखा बोले, ऐसपैस आणि गोल. घोडीजवळचा, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथला, बोले थोरल्या जावेसारखा: मोजकं, पण लागेल असं. कुणी बोलायचं ते एक छोटा खटका ठरवी. वर केला की मामा, खाली केला की जाऊ, मध्ये ठेवला की दोघं एकदम. त्यातली जाऊ आता अबोला धरून बसली होती. आतली तार तुटली होती.

"नवी तार गुंडाळायची आहे," भुंगा म्हणाला. "ड्रिलवर करून पाहिली, तुटते. हाताने करायला गेलो तर म्हातारा होईन. आणि माझा असा अंदाज आहे की तार ढिली झाली म्हणूनच ते घूं होतंय. घट्ट नवी गुंडाळली की जाईल."

हा अंदाज साफ चुकीचा होता. पण इतक्या विश्वासाने सांगितलेल्या चुकीला नाही म्हणायचं तर तोंडातल्या टाचण्या काढाव्या लागल्या असत्या. टेलरबाई म्हणाल्या, "हं."

भुंग्याने टेबलावरचा खडू उचलला, पिकअपच्या रिकाम्या बॉबिनच्या, म्हणजे तार गुंडाळायच्या सांगाड्याच्या, वरच्या अंगाला ठळक फुली मारली आणि म्हणाला, "ही खुणेची बाजू. तेवढी लक्षात ठेवा."

"हं," टेलरबाई म्हणाल्या. आणि तिथेच सगळं फिसकटलं. कारण लिफ्टवाल्यांच्या जगात खूण केलेली बाजू म्हणजे समोरची. शिंप्यांच्या जगात खडू लागतो तो कापडाच्या उलट्या बाजूला. खडू म्हणजे आतली बाजू, हे त्यांना इतकं अंगवळणी पडलेलं असतं की कुणी विचारलं तर त्यांना प्रश्नच कळणार नाही.

टेलरबाईंनी खूण आत करून बॉबिन चाकाला लावलं आणि पायाने मशीन हलकं हलकं चालवू लागल्या. तार दोन बोटांच्या चिमटीतून सुटत होती. जरा दाबली की तुटणार, जरा सोडली की ढिली पडणार. भुंगा श्वास रोखून बघत होता. आधी तारेकडे, मग बोटांकडे, मग बोटांच्या मालकिणीकडे.

"तार इकडे आहे," आत्याबाई म्हणाल्या.

शनिवारी दुपारी भुंगा आपला अँप, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारा खोका, घेऊन आला. पिकअप मेणात बुडवून, गिटारीत बसवून झाला होता. दुकानातला ट्यूबलाइट चालूच होता. भुंग्याने खटका वर केला.

घूंऽऽऽ.

खटका खाली केला. नवाकोरा पिकअप, घट्ट गुंडाळलेला.

घूंऽऽऽ.

"जुना भुंगा होता, आता जोडी झाली," आत्याबाई म्हणाल्या.

भुंग्याचा चेहरा पडला. नुसता पडला नाही, हनुवटीवरून घरंगळून गिटारीवर आला. चाळा म्हणून त्याने खटका मध्ये सरकवला.

आणि दुकानात शांतता झाली. चिडीचूप. समोरच्या लॉन्ड्रीतली वाफ ऐकू येऊ लागली.

भुंगा टुणकन उठला. टेलरबाईंच्या भुवया पार केसांपर्यंत गेल्या. आत्याबाईंना वाटलं अँप जळला. भुंग्याने आनंदाने तार छेडली, आणि आवाज आला तो पडशाने नाक चोंदलेल्या डासाचा. पातळ, किरटा, डबड्यातून आल्यासारखा. मामाही गेला आणि जाऊही गेली.

त्याने झटकन पिकअप उघडला. फुली वर होती, पण वेढे भलत्याच दिशेने गेले होते. "चाकावर फुली आत ठेवली होती?"

"मग काय बाहेर ठेवायची?" आत्याबाई उसळल्या. "बाहेर फुल्या ठेवून कपडे शिवले तर गिऱ्हाईक आम्हालाच उसवेल!"

"म्हणजे सगळे वेढे उलटे पडले!" भुंगा मटकन स्टुलावर बसला. "तार संपली. पाच वाजता मास्तर. गेली माझी खुर्ची."

तेव्हा एक अभूतपूर्व गोष्ट घडली. टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. एकेक करून, सगळ्या, आणि गादीला टोचून ठेवल्या. आत्याबाईंनी हातातलं बटण खाली ठेवलं.

"कॉलर उलटी लागली म्हणून कुणी अख्खा शर्ट उसवत नाही," टेलरबाई म्हणाल्या. आवाज छान होता. भुंग्याने तो पहिल्यांदाच ऐकला. "आत अजून काय असतं?"

"चुंबक."

"त्याला उलटी-सुलटी बाजू असते?"

भुंगा ताडकन उठला आणि स्क्रूड्रायव्हर शोधू लागला. तो त्याच्याच हातात होता. आत्याबाईंनी दाखवला.

गंमत अशी होती. घूं हा आवाज दिव्यांच्या विजेचा, तो दोन्ही पिकअपच्या वेढ्यांत सारखाच शिरायचा. पण आता वेढे एकमेकांच्या उलट होते, म्हणजे एक 'हो' म्हणे त्याच क्षणी दुसरा 'नाही' म्हणे, आणि घूंची तिथल्या तिथे फिटंफाट होई. गाण्याचंही तेच होत होतं. पण गाण्यात चुंबकाचं मत चालतं, घूंमध्ये चालत नाही. चुंबक पालथं केलं की गाण्यापुरता 'नाही'चा पुन्हा 'हो' होतो. भुंग्याने मेणातून चुंबकाची पट्टी उपसली, पालथी केली आणि परत सरकवली. खटका मध्ये. शांतता. तार छेडली.

मामा आणि थोरली जाऊ, दोघं एका सुरात बोलली. गोल, पण धार असलेला आवाज. घंटेला मध लावल्यासारखा. टेलरबाई पटकन पाठमोऱ्या झाल्या आणि उगाच रिळं लावू लागल्या.

"पोरी," आत्याबाई म्हणाल्या, "लाल रिळं निळ्यात चालली आहेत."

पाच वाजता तिघंही हॉटेलात. टेलरबाई कामाची जबाबदारी म्हणून, आत्याबाई टेलरबाईंची जबाबदारी म्हणून. मास्तरांनी मुद्दाम दिवे मंद करायला लावले आणि कान टवकारले.

"अँप लावला नाही का?"

"लावलाय, मास्तर."

"मग भुंगा कुठे गेला?"

उत्तरादाखल भुंग्याने वाजवायला सुरुवात केली. मास्तरांनी डोळे मिटले. दुसऱ्या कडव्याला त्यांचा पाय हलला. सगळं छान चाललं असताना भुंग्याला चेव आला. आता जरा धार दाखवू म्हणून त्याने खटका खाली खेचला.

घूंऽऽऽ.

"मधे!" हॉलच्या टोकाकडून टेलरबाई ओरडल्या. तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. आचारी बाहेर आले. खटका मधे आला.

"या कोण?" मास्तरांनी विचारलं.

"त्या... वेढे यांनी दिलेत," भुंगा म्हणाला.

"यांना दर शनिवारी आणणार असाल तर खुर्ची तुमची."

पुढच्या शनिवारी टेलरबाईंनी त्या खटक्याला एक इवलंसं काज-बटणाचं टोपडं शिवून आणलं. ते घातलं की खटका वरही जाईना आणि खालीही. बँडवाले हसले. भुंगा मात्र वाजवून झालं की ते टोपडं घडी करून खिशात ठेवी आणि इस्त्री करून आणी. मनात काय आहे ते त्याच्याने सांगवेना, म्हणून शेवटी आत्याबाईंनीच त्याला दरडावलं, "अरे भुंग्या, माप द्यायला म्हणून किती वेळा येशील? एकच शर्ट आहे तुझा, आणि त्यात तुझ्यासारखे दोन मावतात. लग्नाचं विचारायचं असेल तर विचार." त्याने विचारलं. टेलरबाई म्हणाल्या, "हं."

आता इथे कुणी म्हणेल की दोघं एकत्र आली आणि कुरबुर संपली. तसं काही झालं नाही. लग्नानंतर कुरबुर दुप्पट झाली, कारण टेलरबाई घरी टाचण्या तोंडात ठेवत नसत. "अहो, फुली कुठल्या बाजूला असते?" हा प्रश्न भाजी जळल्यापासून किल्ली हरवण्यापर्यंत कशावरही विचारला जाई. भुंगाही काही कमी नव्हता. रुमालावर रेघ ओढून तो म्हणे, "अगं, ही खुणेची बाजू, तेवढी लक्षात ठेव," आणि मग दोघंही इतकी हसत की आत्याबाई खालून छताला काठीने ठोकत.

बँड पुढच्याच वर्षी बंद पडला. त्या हॉलमध्ये आता ट्रकचे टायर ठेवतात.