खांद्यावरचा टॉवेल

कुणी टॉवेल झटकला की मला अजून तो विणकर आठवतो. नाव कधी विचारलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरात लुगडी कोण घेणार? त्यानं मागावर टॉवेल काढायला सुरुवात केली, पण काठ लुगड्याचेच, लालभडक. आमच्या ओट्यावर गठ्ठा सोडायचा, टॉवेल झटकून पदरासारखा खांद्यावर टाकायचा आणि मान वळवून काठ दाखवायचा. गल्लीतल्या बायका हसून बेजार व्हायच्या.

आई एकदा म्हणाली, "अहो, अंग पुसायला एवढा काठ कशाला?"

"हाताची सवय मोडंल की, अक्का. पाऊस पडू द्या, पयलं लुगडं तुमालाच आणतो."

पुढं पाऊस पडला. आई ओट्यावर त्याची वाट बघत बसायची. तो आला, पण गठ्ठ्यात टॉवेलच होते, पांढरेफेक, बिनकाठाचे.

"हे लवकर निघतात, अक्का. खपतात बी लई."

दोन टोकं धरून त्यानं टॉवेल नुसता समोर पसरला. कुणीच हसलं नाही. आईनं तो घेतला आणि पदरासारखा स्वतःच्या खांद्यावर टाकला. तो मान खाली घालून गठ्ठा बांधत राहिला.