भोंगा चालू राहिला तेव्हा

जिल्हा परिषदेच्या प्रचारात, सुदुंबरे गावातून निघताना जीपमधला माईक चालूच राहिला. आमच्या उमेदवार ताई मला म्हणाल्या, "ह्या गावाचा रस्ता आपल्याच पक्षातल्या लोकांनी अडवलाय. कुठल्या तोंडानं मत मागू?" भोंग्यावरून अख्ख्या आळीनं ते ऐकलं. आम्ही तळेगावात पोचेपर्यंत क्लिप सगळीकडे फिरली होती. पक्षाच्या कार्यालयातून मला फर्मान आलं, "आवाज बनावट आहे, असं पत्रक काढ." मला संताप आला. रस्ता अडवायचा यांनी आणि थापा छापायच्या आम्ही!

ताईंनी जीप माघारी वळवली आणि गावाच्या पारावर उभं राहून सांगितलं, "बोलले ते मीच. खरं तेच बोलले."

एक आबा म्हणाले, "आमाला ठावं व्हतंच की ताई. पर तुमच्यातलं कुणी कबूल करत न्हवतं."

निवडणुकीत ताई पडल्या. तरी त्यांच्याइतकं धीट माणूस आमच्या पक्षात मी दुसरं पाहिलेलं नाही.